विहीणबाई न्यायला बसतात

आमच्या विहीणबाई माणसाकडे बघायच्या आधी तो कशावर बसलाय ते बघतात. सोयरिकीची बोलणी करायला त्या आमच्याकडे पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी घरातली त्यातल्या त्यात बरी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. खुर्चीवरची गादी उचलली, उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि माझ्या बायकोला विचारलं, "हे कुणी शिवलंय?"

"बाजारातून आणलंय," बायको म्हणाली.

"तरीच," असं म्हणून त्या पलीकडच्या लाकडी स्टुलावर जाऊन टेकल्या. मुलगी बघितली, हसल्या, पसंत म्हणाल्या आणि निघताना ती गादी काखोटीला मारून घेऊन गेल्या. परत आली तेव्हा गादी अशी झाली होती, की आजही त्या खुर्चीवरून आमच्या घरात भांडणं होतात. लग्न ठरल्याचा आनंद मोठा की गादीचा, हे बायकोने मला अजून सांगितलेलं नाही.

तर त्यांचा धंदा गाड्यांच्या सीटा शिवायचा. ट्रक, टॅक्सी, टेम्पो, स्कूटर, जे जे चाकावर चालतं आणि ज्यावर माणूस बसतो, ते सगळं त्यांच्या दारात येतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारात पायमशीन, मागे रेक्झिनचे गुंडाळे उभे केलेले, कोपऱ्यात फोमचे तुकडे छताला टेकलेले आणि भिंतीवर दाभणं ओळीने टांगलेली, जशा आमच्या गुरुजींच्या टेबलामागे छड्या टांगलेल्या असायच्या. विहीणबाईंच्या हातात सुई वडिलांनी दिली आणि दुकान नवऱ्याने. दोघंही आता नाहीत, पण मशीन चालू झालं की त्या दोघांशीही बोलतात. त्यातही नवऱ्याशी जरा वरच्या पट्टीत.

दुकानाच्या दोन्ही अंगांना गॅरेजवाले, पंक्चरवाला, बॅटरीवाला, पेंटर अशी रांग आहे. तिला सगळे 'लाईन' म्हणतात. लाईनच्या तोंडाशी नाका आहे, तिथे पोलीस गाड्या अडवतात, आणि रस्त्याच्या पलीकडे पोलीस ठाणं. म्हणजे गाडी अडवली की लाईनीला दिसते, माणूस आत नेला की दिसतो, आणि तो बाहेर आला नाही तर तेही दिसतं.

ठाण्यातल्या मोठ्या साहेबांच्या खुर्चीची सीटसुद्धा विहीणबाईंनीच शिवलेली. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "म्हणजे कायदा तुमच्या टाक्यांवर बसलाय म्हणा!"

"बसू दे की," त्या दोरा तोंडाने तोडत म्हणाल्या. "उसवला तर मलाच बोलावतील."

आता पुढची गोष्ट थोडी जड आहे. पण ती सांगितल्याशिवाय त्यानंतरची हलकी गोष्ट कळायची नाही, म्हणून सांगतो.

लाईनीवर एक टॅक्सीवाला होता. हसरा, बोलघेवडा, माझ्याशी बोलताना मलाच गप्प बसायला लावणारा एकमेव माणूस. एका सकाळी त्याने गाडीतली आपल्या शेजारची सीट शिवायला टाकली आणि तशीच गाडी घेऊन भाड्याला निघाला. नाक्यावर अडवलं. मागचा दिवा लागत नव्हता. शब्दाने शब्द वाढला, त्याला आत नेलं. दुसऱ्या दिवशी आतून त्याचं प्रेत बाहेर आलं. छातीत कळ आली म्हणाले. छातीतल्या कळेने पाठीवर वळ कसे उठतात, ते मात्र कुणी सांगितलं नाही. सीट शिवून तयार होती. विहीणबाईंनी दुकानात तिच्यावर कुणाला बसू दिलं नाही आणि ती टाकूही दिली नाही.

त्याची बायको या कचेरीतून त्या कचेरीत चपला झिजवत राहिली. विहीणबाई दुकान बंद करून तिच्याबरोबर जायच्या. मीही एकदोनदा गेलो. कचेरीतले बाक त्यांना पसंत पडले नाहीत, पण तिथे बसून राहण्यात त्यांनी कसूर केली नाही. शेवटी चौकशी बसली, खटला उभा राहिला आणि दोघा पोलिसांच्या अंगावरची वर्दी उतरून ते स्वतःच गजाआड गेले. ठाण्याच्या बोळात कॅमेरा आला. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं होतं, की त्या सगळ्या वेळात ठाण्यात बाहेरचं एकही माणूस नव्हतं.

टॅक्सीवाल्याच्या बायकोने हे वाक्य विहीणबाईंना वाचून दाखवलं. विहीणबाईंनी मशीन थांबवलं.

"एवढंच ना?"

"काय एवढंच, मावशी?"

"बाहेरचं माणूस नव्हतं, एवढंच ना? मग आपण जाऊन बसू."

तेव्हापासून लाईनीत 'बसायला जाणं' सुरू झालं. नाक्यावरून कुणालाही आत नेलं, की लाईनीतलं एक माणूस हातातलं काम टाकून पलीकडे जातं आणि ठाण्याच्या पुढच्या खोलीतल्या बाकावर बसतं. कोण तुम्ही, काय काम, असं विचारलं तर एकच उत्तर द्यायचं, "न्यायला आलोय." आवाज चढवायचा नाही. हुज्जत घालायची नाही. पोलिसांचा चहा घ्यायचा नाही आणि त्यांना पाजायचाही नाही. आतला माणूस बाहेर आला की त्याला घेऊन उठायचं. दोष त्याचा असेल तर लाईनीत आणून शिव्या द्यायच्या, पण त्या लाईनीत आल्यावर.

आतल्याला डबा द्यायची परवानगी होती. मात्र डबा हवालदार आत नेणार आणि हवालदारच बाहेर आणणार. आता रिकामा डबा बाहेर आला तर तो खाल्ला कुणी, हे कसं कळावं? म्हणून लाईनीतल्या ड्रायव्हरांनी आपापसात एक खूण ठरवली. आपण धडधाकट असलो तर जेवताना एक घास डब्याच्या कोपऱ्यात दाबून ठेवायचा. घास दिसला की बाहेरच्याच्या जिवात जीव. घास नसला की काहीतरी बिनसलंय. पोलिसांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं, या लाईनीतली माणसं पोटाने बारीक आहेत.

टॅक्सीवाल्याची बायको आता विहीणबाईंच्या दुकानातच असते. सीटच्या कडेचा गोट तिच्याइतका सरळ कुणी लावत नाही. आणि परत आलेला डबा उघडायचा मान तिचा. हे कुणी ठरवलं नाही, तसं होत गेलं.

आता आमच्या जावयाची गोष्ट. जावई बर्फाची गाडी चालवतो. कारखान्यातून लाद्या भरायच्या आणि मासळीवाले, सरबतवाले, दवाखाने यांना पोचवायच्या. स्वभावाने लोणी, पण जिभेला बर्फ अजिबात नाही. त्या दिवशी नाक्यावर त्याला अडवलं. ब्रेकचा दिवा लागत नाही, म्हणाले. यावर गप्प बसून मान हलवावी की नाही? जावई म्हणाला, "साहेब, तुमच्या जीपचा तरी कुठे लागतोय?"

ते खरं होतं. खरं होतं म्हणूनच त्याला आत नेलं. सरकारी कामात अडथळा.

मी तेव्हा विहीणबाईंच्या दुकानात फोमच्या ढिगावर बसून पंक्चरवाल्याला आमच्या शाळेची गोष्ट सांगत होतो. पेंटर धावत आला. "मावशी, आपला बर्फवाला आत!"

विहीणबाईंनी शिवणीतली सुई वर घेतली, टाका पुरा केला आणि उठल्या. एरवी त्या उठतात तेव्हा गुडघ्यांना दोन शब्द सुनावतात. त्या दिवशी गुडघ्यांनाही बोलल्या नाहीत. टॅक्सीवाल्याची बायको हातातला गोट तसाच सोडून म्हणाली, "मावशी, मी डबा घेऊन येते." दोघींनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. मी काही न विचारता चपला घातल्या.

ठाण्याच्या आवारात बर्फाची गाडी उन्हात उभी होती. मागच्या दारातून पाण्याची धार लागली होती आणि दोन चिमण्या तिच्यात आंघोळ करत होत्या. आत पुढच्या खोलीत बाक. आम्ही बसलो. साहेब नवेच बदलून आलेले, उंच, कडक इस्त्रीचे. त्यांना हा बसण्याचा प्रकार ठाऊक नव्हता.

"कोण तुम्ही?"

"त्याची आई."

"काय काम आहे?"

"काम काही नाही. न्यायला आलेय."

"चौकशी चालू आहे. संध्याकाळी या."

"चालू द्या की. मी काही आड येत नाही. बसलेय."

साहेबांनी माझ्याकडे मोहरा वळवला. "आणि तुम्ही?"

"मी सासरा."

"तुम्हीही न्यायलाच आलात?"

"मी यांच्या सोबतीला. जावयाला न्यायचं की ठेवायचं, ते मुलीला विचारून सांगतो."

साहेबांना हसू आलं नाही. विहीणबाईंचं कोपर मात्र माझ्या बरगडीत बसलं. मग साहेब जरा मऊ आवाजात म्हणाले, "आजी, आत कॅमेरा आहे. काळजीचं काही कारण नाही."

"आहे ना. त्याच्यावर कोळ्याने जाळं विणलंय, ते मागच्या खेपेला बघितलं. चांगलं विणलंय, टाका न् टाका सारखा."

साहेब आत निघून गेले. थोड्या वेळाने टॅक्सीवाल्याची बायको डबा घेऊन आली. माझ्या मुलीने भरून दिलेला, भात, बटाट्याची भाजी आणि उकडलेली अंडी. डबा घ्यायला जो हवालदार आला तोही साहेबांसारखाच नवा. पोट सुटलेला, मिशा नीट विंचरलेल्या, चेहऱ्याने शाळेतल्या घंटा वाजवणाऱ्या शिपायासारखा प्रेमळ. दोन्ही हातांनी डबा घेतला आणि आत गेला.

आम्ही थांबलो. मला गप्प बसवत नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. मी विहीणबाईंना आमच्या गुरुजींची गोष्ट सांगायला घेतली, त्यांची टोपी घारीने पळवली होती ती. ही गोष्ट त्यांनी पूर्वी ऐकली होती. तरी त्या 'मग?' म्हणत राहिल्या. पण डोळे आतल्या दाराला चिकटलेले. मी गोष्टीत गुरुजींना चुकून झाडावर चढवलं, तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. तेव्हा मला कळलं की या बाईच्या पोटात काय चाललंय. टॅक्सीवाल्यालाही दिव्यापायीच नेलं होतं. तोही असाच तोंडाने तिखट.

हवालदार डबा घेऊन बाहेर आला. चेहऱ्यावर समाधान.

"जेवला आणि झोपला," तो म्हणाला.

टॅक्सीवाल्याच्या बायकोने डबा घेतला, मांडीवर ठेवला आणि झाकण काढलं. मी शेजारून वाकून बघितलं. डबा लख्ख होता. घास तर नव्हताच, पण शिताचा कणही नव्हता. आत माझं नाक दिसत होतं आणि साबणाचा वास येत होता.

तिने विहीणबाईंना डबा दाखवला.  विहीणबाईंचा रंग एकदम उतरला. त्या उठल्या, ठाण्याच्या दारात गेल्या आणि पदराचं टोक हातात धरून नुसता हात वर केला.

समोर लाईन होती. आधी पंक्चरवाल्याचं हवेचं मशीन थांबलं. मग पत्र्यावरचा हातोडा थांबला. मग रस्ता ओलांडून माणसं यायला लागली. ग्रीसचे हात, रंगाने माखलेले हात, एकाच्या हातात तर चाकच. पळत नव्हती, ओरडत नव्हती. आली आणि बसली. बाक भरला, मग फरशी भरली, मग पायऱ्या भरल्या. पेंटर आपला ब्रश धरून दाराच्या कडेला बसला, भिंतीला रंग लागू नये म्हणून हात लांब करून.

गलका नव्हता म्हणूनच बहुतेक साहेब बाहेर आले. "हे काय चाललंय? मोर्चा आहे का?"

"नाही साहेब," बॅटरीवाला म्हणाला. "न्यायला आलोय."

"एवढे जण एका माणसाला न्यायला?"

"तो बघितल्याशिवाय आम्ही उठत नाही," विहीणबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण कापत होता. त्यांचा आवाज कापताना मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. "मला माझा मुलगा दाखवा."

"अहो, हवालदारांनी सांगितलं ना? जेवला, झोपला."

तेव्हा टॅक्सीवाल्याची बायको उभी राहिली. डबा तिच्या हातात होता.

"साहेब, मलाही त्या दिवशी हेच सांगितलं होतं. जेवलाय आणि झोपलाय. मी घरी गेले."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. ती कोण, हे त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही. ठाणं त्यांना नवं असलं तरी ती गोष्ट त्यांच्याआधी येऊन बसलेली होती. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "दोघी चला माझ्याबरोबर."

त्या दोघी आत गेल्या. आम्ही सगळे श्वास धरून.  मुलीला काय सांगायचं, हे मनात येत होतं आणि मी ते ढकलत होतो. आतलं लोखंडी दार वाजलं. आणि मग विहीणबाईंचा आवाज आला, ठणठणीत, पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा.

"अरे ऊठ! तिकडे बर्फाचं पाणी झालं आणि हा इथे घोरतोय!"

पायऱ्यांवर हशा फुटला. चाक धरून बसलेल्याच्या हातून चाक सुटलं आणि गडगडत आवारात गेलं. जावई डोळे चोळत बाहेर आला, केस उभे, गालावर चटईचे वळ. "काय झालं?" म्हणाला. तो जिथे पडतो तिथे झोपतो. लग्नाच्या दिवशीसुद्धा फोटोवाल्याने त्याला दोनदा उठवलं होतं.

"घास कुठाय?" विहीणबाईंनी त्याचं मनगट सोडलं नव्हतं.

"ठेवला होता की! कोपऱ्यात, भाताचा."

सगळे हवालदाराकडे वळले. तो बिचारा मिशीला हात लावून उभा.

"एक घास उरला होता खरा," तो म्हणाला. "तो मी ठाण्याच्या मांजराला टाकला. आणि डबा धुतला. आता लोकांचा डबा खरकटा परत करायचा का? आमची ही मला घरात घेणार नाही!"

मग काय सांगू! पंक्चरवाला हसता हसता फरशीवर आडवा झाला. जावई हसला, मी हसलो, साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. विहीणबाई मात्र बाकावर मटकन बसल्या आणि डोळ्यांना पदर लावून रडल्या, आणि रडता रडता हसल्या. टॅक्सीवाल्याची बायको हवालदाराजवळ गेली.

"दादा, तुम्ही चांगल्या घरचे आहात," ती म्हणाली. "पण इथे डबा धुऊ नका."

त्याने मान हलवली. 

साहेबांनी अडथळ्याचं कलम काढून टाकलं, दिव्याचा दंड तेवढा ठेवला. विहीणबाई म्हणाल्या, "तो ठेवाच. दिवा लागत नव्हताच मेल्याचा." साहेबांनी हवालदाराला बोळातल्या कॅमेऱ्यावरचं जाळं काढायला लावलं. आणि घासाची खूण काय ते ऐकून घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं, की यापुढे डबा ज्याचा त्याच्या हातात, घरच्यांच्या डोळ्यांदेखत. घास उरवायची गरज नाही, पोटभर जेवा. मला ते फार आवडलं. मी साहेबांना आमच्या गुरुजींच्या टोपीची गोष्ट सांगणार होतो, पण विहीणबाईंचं कोपर तयारच होतं.

लाईन रस्ता ओलांडून परत गेली. हवेचं मशीन पुन्हा फसफसायला लागलं. आम्ही पायऱ्या उतरत होतो. जावई मध्ये, एका बाजूला त्याची आई, दुसऱ्या बाजूला मी. इतक्यात नाक्यावरची जीप आवारात शिरली. मागून एका माणसाला उतरवलं. लाईनीतला नव्हता. लांबचा असावा, अंगावर प्रवासाची धूळ, हातात गाडीची किल्ली घट्ट धरलेली. त्याच्याबरोबर कुणीच नव्हतं. तो आमच्याकडे बघतसुद्धा नव्हता. बघून करणार काय, ओळखीचं कोण असणार?

विहीणबाई थांबल्या.

"आई, चल ना," जावई म्हणाला. "दमलीस तू."

"तू जा. बायकोला तोंड दाखव, तिचा जीव टांगणीला आहे. आणि तिला म्हणावं, अजून एक डबा भर."

त्या वळल्या, गुडघ्यांना दोन शब्द सुनावले आणि पायऱ्या चढल्या. मी जावयाकडे बघितलं, जावयाने माझ्याकडे. मग मीही वळलो. सोबत लागतेच.

माणसाला आतल्या दाराकडे नेत होते. विहीणबाई बाकावर नीट मांडी ठोकून बसल्या आणि त्याला मागून हाक मारली.

"अहो भाऊ! तिखट चालतं का?"

तो गोंधळून थांबला. साहेबही थांबले, हवालदारही थांबला. त्या माणसाने आधी मागे बघितलं, मग बाकाकडे.

"चालतं," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पण बेताचं."

"बरं," विहीणबाई म्हणाल्या. "मी इथेच आहे."